येऊन राहिला

आमगावात स्टेशनकडून बाजाराकडे जाताना डाव्या हाताला 'कटरे नेट अँड झेरॉक्स' नावाचं दुकान होतं. ते चालवणाऱ्या उमेंद्र कटरे नावाच्या माणसाने एका व्हिडिओ गेमची बारा वर्षं वाट पाहिली. बारा वर्षं म्हणजे एक तप झालं. आपल्याकडे तप केलं की देव प्रसन्न होतो, निदान तशी बोलवा तरी आहे. उमेंद्रला देव नको होता. त्याला अंतराळातलं एक जहाज हवं होतं आणि त्या जहाजात शेजारी बसायला एक माणूस.

यात माणूस महत्त्वाचा, जहाज नंतरचं. पण हे त्याला स्वतःला फार उशिरा कळलं, आणि तोवर त्याच्याकडून व्हायचं ते होऊन गेलं होतं.

सुरुवात एकोणीसशे नव्व्याण्णवची. उमेंद्र बारावी होऊन गोंदियाच्या एका कॉम्प्युटर क्लासला जायचा, सकाळच्या पॅसेंजरने. क्लासच्या मालकाने नागपूरहून एक सीडी आणली होती, तिच्यात खंडीभर गेम कोंबलेले. बाकीची पोरं मोटारी पळवायची नाहीतर गोळ्या झाडायची. उमेंद्र भिडस्त. त्याच्या वाट्याला कोपऱ्यातलं मुकं मशीन यायचं, आणि तिथे त्याला 'नोव्हा फेरी' सापडला. नावातली फेरी त्याने आपली मराठीतली समजली, एसटीची असते तशी. आणि गंमत म्हणजे त्याचं फारसं चुकलं नव्हतं. एक जुनाट जहाज, त्यातून या ग्रहावरची माणसं त्या ग्रहावर पोचवायची. लढाई नाही, मारामारी नाही. सवारी बसवायची, सवारी उतरवायची. क्लासमधल्या पोरांनी पाच मिनिटं पाहिलं आणि "ये तो बस डिपो का गेम है" म्हणून नाद सोडला.

तो गेम दोघांनी खेळायचा होता. कीबोर्डच्या डाव्या अंगाला बसून एकाने सुकाणू धरायचं, उजव्या अंगाला बसून दुसऱ्याने इंधन आणि रेडिओ सांभाळायचा. रेडिओवाल्याने विचारायचं, पुढे रस्ता मोकळा आहे का? सुकाणूवाल्याने हो किंवा नाही सांगायचं, तेव्हा जहाज हलायचं. उमेंद्रजवळ दुसरा कोणी नव्हता. म्हणून तो उजव्या हाताने स्वतःलाच विचारायचा आणि डाव्या हाताने स्वतःलाच उत्तर द्यायचा. अशी त्याने सारी आकाशगंगा एकट्याने पालथी घातली. आता हे ऐकून कोणाला हसू येईल तर खुशाल हसा, मलाही पहिल्यांदा आलं होतं.

दोन हजार एकमध्ये बातमी आली की 'नोव्हा फेरी'चा दुसरा भाग निघतोय. कंपनी कुठल्याशा थंड देशातली, मूठभर माणसांची. या भागात म्हणे ग्रहावर उतरून पायी फिरता येणार होतं. ग्रहावर दुकानं होती, पाऊस होता, तिथल्या लोकांशी बोलता येणार होतं. पण उमेंद्रने जी ओळ पुन्हा पुन्हा वाचली ती वेगळी होती. दोन वेगवेगळ्या गावांतली माणसं इंटरनेटवरून एकाच जहाजात शेजारी-शेजारी बसू शकणार होती. आमगावात त्याच्या जोडीला बसणारं कोणी नव्हतं ते ठीक, पण जग काही आमगावात संपत नाही. त्याला वाटलं, आता आपलं माणूस मिळणार.

गेम पुढल्या वर्षी येणार होता. पुढल्या वर्षी कंपनी म्हणाली, काम वाढलं आहे, अजून एक वर्ष द्या. उमेंद्रने दिलं. मग तिने आणखी एक मागितलं. मधूनमधून ती एखादं चित्र दाखवायची, कधी अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, आणि जगभरचे भक्त त्या अर्ध्या मिनिटावर महिनाभर कीर्तन करायचे. एकदा जहाजाच्या दाराची कडी दाखवली. पितळेची कडी, तिच्यावर हात लागून लागून पडलेली चकाकी. "कडीवर एवढी मेहनत घेतली म्हणजे बघा आतलं काय असेल," असं आशावाले म्हणाले. उमेंद्र त्यांच्यातलाच.

दोन हजार चारमध्ये त्याच्या बाबूजींनी, चुन्नीलाल कटरेंनी, त्याला दुकान टाकून दिलं. चार कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन. कटरे म्हणजे आमगावातलं जुनं पोवार घर, धानाची बरी शेती. शेती मोठा मुलगा पाहायचा, म्हणून बाबूजी दिवसभर येऊन दुकानाच्या काउंटरवर बसत. नवीन माणूस दारात आला की त्यांचा प्रश्न तयार: "कोन्या गावचे? आडनाव काय?" त्यांच्या तोंडी हा नमस्काराचाच भाग होता. आडनाव ऐकलं की त्यांच्या मनात त्या माणसाची जागा ठरे. मग कोणाला आतली खुर्ची मिळे, कोणाला बाहेरच्या बाकड्याकडे बोट दाखवलं जाई. उमेंद्रला यात काही वावगं दिसत नसे. दिसत नसे म्हणजे तो तिकडे बघतच नसे. त्याची नजर पडद्यावर.

त्याच्या लग्नाचंही जमेना. एकदा मुलीकडचे लोक दुकान पाहायला आले, तर हा गडी त्यांना दोन सूर्यांच्या ग्रहावर सावल्या कशा पडतील ते समजावत बसला. आई, सुशिलाबाई, कपाळाला हात लावून म्हणाली, "याचं डोस्कं वरतीच अटकलं." तिला तरी काय बोल लावायचा? बोलणारा माणूस हवा म्हणून तो जो समोर येईल त्याला गेमचं सांगायचा, आणि ऐकणारा जो तो आपली झेरॉक्स घेऊन निघून जायचा. दुकान माणसांनी भरलेलं असायचं आणि हा त्यात एकटा असायचा. त्याला ते दुखत होतं, पण असल्या दुखण्याला आमगावात नाव नव्हतं.

मग ऑर्कुट आलं. दोन हजार सातमध्ये उमेंद्रला तिथे 'नोव्हा फेरी'च्या मराठी चाहत्यांचा एक गट सापडला. बहुतेक पुण्या-मुंबईचे, शिकलेले, टेचात लिहिणारे. त्यांत आशावाले होते आणि नास्तिकही होते. नास्तिकांचा म्होरक्या स्वतःला 'धूमकेतू' म्हणवायचा. त्याची मराठी अगदी धुतल्या तांदळासारखी: "मित्रांनो, हा खेळ येणार नाही, हे मी सातत्याने सांगत आलो आहे. सहा वर्षांत ज्यांनी कडी केली, ते दार केव्हा करणार?" उमेंद्रला त्याचा भयंकर राग यायचा. रोज उठून आधी तो धूमकेतूनेच काय लिहिलंय ते वाचायचा.

त्या दिवाळीच्या आधी कंपनीच्या एका माणसाने कुठेतरी सांगितलं की गेम जवळजवळ तयार आहे. उमेंद्रचा आनंद पोटात मावेना. त्याने गटावर लिहिलं, "खबर पक्की हाय भावांनो. गेम येऊन राहिला."

आता आमच्याकडे 'येऊन राहिला' म्हणजे येतो आहे, वाटेत आहे. पाऊस येऊन राहिला, पाहुणा येऊन राहिला, बस येऊन राहिली. यात शंका घेण्यासारखं काय आहे? पण पुण्याच्या मंडळींनी ते आपल्या पद्धतीने वाचलं: गेम आला आणि राहिलासुद्धा! गटात एकच हलकल्लोळ. कोणी विचारतो, कुठे मिळाला? कोणी विचारतो, कोणाकडे राहिला? एकाने तर पुण्यातली सीडीची दुकानं पालथी घातली आणि हात हलवत परत आला. खरा प्रकार उघडकीला आल्यावर जे हसणं सुरू झालं ते थांबेना. उमेंद्रने खुलासा लिहिला, "मी तुमाले तेच सांगून राहिलो." त्यावर आणखी हसले. त्या दिवसापासून गटात त्याचं नावच पडलं, 'येऊन राहिला'. कोणी काहीही लिहिलं तरी खाली एक जण लिहायचा, "आणि आमचा येऊन राहिला कुठे राहिला?"

उमेंद्रने गट सोडायचं ठरवलं. इतकी वर्षं एकटा होता, पण एकट्याला कोणी हसलं नव्हतं. तो नाव काढून टाकणार तेवढ्यात त्याला खासगी निरोप आला, आणि तो धूमकेतूचा होता.

"भाऊ, हासून राहिले त हासू द्या त्यायले. मले बराबर समजलं तुमी काय म्हनता ते. कोन्तं गाव तुमचं?"

उमेंद्र त्या ओळीकडे बघतच राहिला. धुतल्या तांदळाच्या मराठीमागे आपल्या झाडीपट्टीचा माणूस दडून बसला होता! त्याने लिहिलं, "आमगाव. तुमचं?"

"चिचगड. देवरीच्या खाली. सध्या पुन्यात पोट भरून राहिलो. नाव राजदीप."

पुण्यात राजदीप एका कंपनीत रात्रपाळीला फोनवर बसायचा. कामावर इंग्रजी, खोलीवरच्या मित्रांशी पुणेरी, आणि आपली भाषा फक्त आईशी, तीही चिचगडच्या किराणा दुकानातला फोन मिळाला तर. गाव विचारून झाल्यावर आमच्याकडे पुढचा प्रश्न ठरलेला असतो, तो दोघांनीही विचारला नाही. उमेंद्र आनंदाच्या भरात विसरला. राजदीपने मात्र तो जाणूनबुजून टाळला होता.

तिथून पुढे पाच वर्षं त्या दोघांची सकाळ एकत्र उजाडली. राजदीप पाळी संपवून खोलीवर यायचा तेव्हा उमेंद्र दुकानाचं शटर वर करायचा. मग बाबूजी येईपर्यंत दोघांचं लिहिणं चालायचं. आठवडाभरात तुम्ही गळून तू आलं. भांडण रोजचंच.

"आमच्या नाल्यावरचा पूल बी होऊनच राहिला हाय," राजदीप लिहायचा. "मी चवथीत होतो तवापासून. दोन खांब उभे हायेत, लोक खांब पाहून खूश होतेत. तुझी कंपनी बी खांब दाखवून राहिली."

"खांब हाय म्हनजे पूल होनार."

"खांब हाय म्हनजे खांब हाय."

"तू स्वतःले धूमकेतू म्हनतो ना? तो बी उशिराच येते, पन येते."

"तो कोनाले वचन देऊन नाही जात गा."

उमेंद्र एकटाच मोठ्याने हसायचा आणि समोरचा चहावाला मान वाकडी करून बघायचा. राजदीपचा गेमवर विश्वास नव्हता, मग तो त्या गटात करत काय होता? हे उमेंद्रने एकदा विचारलं. राजदीपने लिहिलं, "शाळेत असताना देवरीले एका दुकानात पाहिला होता पहिला भाग. बाहेर उभा राहून पाहिला. तवापासून वाटे, त्या दुसऱ्या जाग्यावर बसावं." आणि लगेच खाली, "पन येत नाही तो. लिहून घे."

तेव्हा पैज ठरली. गेम आला तर राजदीपने आमगावला यायचं आणि दुकानात, एका मशीनवर, शेजारी बसून पहिली फेरी मारायची. इंटरनेट-बिंटरनेट काही नको. गेम नाही आला तर उमेंद्रने हरल्याचं कबूल करून पुण्याला जायचं. दोघांनाही पैज फार आवडली. एक गोष्ट दोघांच्याही ध्यानात आली नाही: येणाऱ्या गोष्टीला दिवस असतो, न येणाऱ्या गोष्टीला नसतो. गेम 'येऊन राहिला' होता तोवर कोणीच हरत नव्हतं आणि कोणीच कोणाकडे जात नव्हतं.

दोन हजार बारामध्ये राजदीपची कंपनी पुण्यातून उठली. तो चिचगडला परत आला आणि देवरीत एका क्लासवर शिकवायला लागला. आमगावहून देवरीची बस दिवसातून कितीदा तरी सुटते. एवढ्या जवळ आल्यावर दोघं धावत भेटायला हवे होते की नाही? नाही भेटले. पैजेचं निमित्त होतं. उमेंद्र मनात म्हणे, तो येईल. राजदीपच्या मनात काय होतं ते राजदीपच जाणे, तो लिहायचा, "गेम येऊ दे, मंग पाहू." उमेंद्रला राग येई, वाईट वाटे, पण "ये" हा एवढासा शब्द त्याच्याच्याने लिहवत नसे. जन्मभर ज्याने दोन्ही हात स्वतःचेच वापरले, त्याला दुसऱ्याला बोलवायचं कसं ते ठाऊक नव्हतं.

दोन हजार तेराच्या फेब्रुवारीत बातमी आली. कंपनी बंद झाली. गेम येणार नाही. जे काही झालं होतं त्याची चित्रं त्यांनी शेवटचा निरोप म्हणून सगळ्यांसाठी खुली केली. उमेंद्रने ती एकेक पाहिली. खूप सुंदर कड्या होत्या. पावसाळी ग्रह होता, दुकानं होती. जहाजात दोन खुर्च्या होत्या, पण दोन्हींत बसायला माणूस काढायचाच राहून गेला होता.

बाबूजी अजून आले नव्हते. फोन वाजला. राजदीप.

"वाचलं का?"

"वाचलं."

उमेंद्रला वाटलं, आता हा म्हणेल, मी सांगत नव्हतो? त्याचा तो हक्कच होता. पण राजदीप घाईघाईने बोलायला लागला. "आईक. दुसरी एखादी कंपनी घेऊ शकते. मी वाचलं, दोघंतिघं बोलून राहिले म्हने. नाव बदलवतीन, पन गेम तोच राहीन. दोनेक वर्षांत येऊन जाईन पाहजो."

ज्या माणसाने इतकी वर्षं एका ओळीचीही आशा लावली नव्हती, तो आज उमेंद्रसाठी खोटी आशा रचत होता, आणि त्याला ते मुळीच जमत नव्हतं.

"तू कायले खोटं बोलून राहिला, राजदीप?"

"खोटं नाही गा..."

"येत नाही तो. जाऊ दे त्याले. हारलो मी." मग जे एवढ्या वर्षांत जमलं नव्हतं ते त्याच्या तोंडून आपोआप निघालं. "तू ये. गेमच्यासाठी नाही. असाच ये."

"आलो होतो मी," राजदीप म्हणाला. "दोनदा."

"कवा?"

"पुन्यावरून गावी येता येता. बस थांबते ना आमगावात, उतरलो. एकदा तू मशीनच्या मागं वाकून काहीतरी सुधरवून राहिला होता. दुसऱ्या टायमाले तू एका गिऱ्हाइकाले दोन सूर्याचं सांगून राहिला होता. तो आईकून नोता राहिला, मी बाहेर उभा राहून आईकलं."

"मंग बोलला काऊन नाही?"

"तुझे बाबूजी बसून होते. त्यायनं इचारलं, कोन्या गावचा, आडनाव काय. दोन्ही टायमाले इचारलं. मी म्हटलं, एक झेरॉक्स पाहिजे."

उमेंद्र हसला. त्याला खरंच ती गंमत वाटली. "बाबूजी सगळ्यायलेच इचारतेत गा!"

"हो," राजदीप म्हणाला. "सगळ्यायलेच."

एखाद्या शहाण्याने इथे थांबून विचार केला असता. पण उमेंद्रला आनंदाचं भरतं आलं होतं. त्याचा माणूस दोनदा त्याच्या दारापर्यंत आला होता! "मंग आता मीच येतो," तो म्हणाला. "या रविवारी. चिचगडात कोनाचं घर म्हनून इचारू?"

खेड्यात घर शोधायचं तर असंच विचारावं लागतं. त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं.

"उकेचं घर इचारजो," राजदीप म्हणाला. "सेवकराम उके. माहा बाप."

उके म्हणजे बौद्ध घर. उमेंद्रला सगळं एकदम कळलं. राजदीप दरवर्षी एप्रिलच्या मध्यात गावी का येतो, हे विचारायचं त्याला कधी सुचलं नव्हतं. तो जयंतीला येत होता. बाहेरचं बाकडं आठवलं. काउंटरवर बसलेले बाबूजी डोळ्यांसमोर आले. त्या दिवशी राजदीपने आडनाव सांगितलं असतं तर बाबूजींनी बोट कुठे दाखवलं असतं, आणि आपण मशीनमागून मान वर करून काय केलं असतं? उद्या तो आला तर काय करू?

एवढा वेळ तो गप्प होता. फार नाही, एखादा घोट पाणी प्यायला लागतो तेवढा. त्याच्या मनात राजदीपबद्दल वाईट काही आलं नाही, हे मी पैजेवर सांगतो. पण फोनवर मनातलं ऐकू जात नाही, गप्प बसणं तेवढं ऐकू जातं. अरे गाढवा, "हो" म्हणायचं होतं! नुसतं "हो, येतो" म्हणायचं आणि मग बसायचं होतं विचार करत.

"येतो ना," उमेंद्र शेवटी म्हणाला. "येतो."

"या ना तुम्ही," राजदीप म्हणाला. "अवश्य या. रविवारी मी घरीच असेन. बसस्टँडपासून अगदी जवळ आहे आमचं घर."

राजदीपने फोन ठेवल्यावरही उमेंद्र आपला फोन कानाला तसाच धरून उभा होता. पाच वर्षांपूर्वी ज्या माणसाने त्या धुतल्या मराठीतून बाहेर येऊन त्याला हाक मारली होती, तो पुन्हा आत गेला होता आणि त्याने दार लावून घेतलं होतं.

रविवारी उमेंद्र गेला. बाबूजींना सांगितलं, देवरीला प्रिंटर पाहायचा आहे. हे खोटं बोलताना त्याला स्वतःची शरम वाटली, आणि शरम वाटूनही तो तेच बोलला.

घर सापडायला वेळ लागला नाही. राजदीप दारातच होता. उंच, सावळा, चष्मा लावलेला. उमेंद्रने मनात त्याला बुटका करून ठेवलं होतं. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली ताज्या फुलांची ओंजळ. राजदीपची आई, दुर्गाबाई, चहा घेऊन आली. उमेंद्रने कप घेतला आणि वाफ निघत असतानाच गटागटा पिऊन टाकला. जीभ भाजली, डोळ्यांत पाणी आलं. कोणी परीक्षा घेत नव्हतं आणि हा पास व्हायला धावला होता. राजदीपने ते पाहिलं. आपण का घाई केली हे त्यालाही कळलंय, हे उमेंद्रला दिसलं.

"गरम होता का फार?" राजदीपने विचारलं.

"नाही, नाही. चांगला होता."

मग बोलणी झाली. रस्ता सुधारलाय. यंदा धान बरं झालं. देवरीत मुलं शिकायला येतात, पण टिकत नाहीत. राजदीप सगळं नीट, शुद्ध बोलत होता, "तुम्ही" म्हणत होता आणि प्रत्येक वेळी उमेंद्रच्या काळजात काहीतरी रुतत होतं. कोपऱ्यात टेबलावर कॉम्प्युटर होता, वर कापड घातलेलं. उमेंद्रची नजर तिकडे गेली.

"बंदच असतो हल्ली," राजदीप म्हणाला.

गेमचं नाव कोणी काढलं नाही. रोज सकाळी भांडणारी ती दोन माणसं लग्नाच्या पंगतीत ओळख करून दिलेल्या पाहुण्यांसारखी बसून होती. दुर्गाबाईंनी जेवायला थांबा म्हटलं, उमेंद्र थांबलाही, दोनदा भाजी मागून घेतली. दुर्गाबाई खूश झाल्या. राजदीप ताटाकडे बघत राहिला.

चार वाजता राजदीप त्याला बसस्टँडवर सोडायला आला. बाकावर दोन म्हाताऱ्या वाळल्या मोहफुलांची गाठोडी घेऊन बसल्या होत्या. दोघं उभेच राहिले. उमेंद्रने वाटेत दहादा शब्द जुळवले होते, त्यातला एकही आठवेना.

"त्या दिवशी फोनवर," तो म्हणाला, "मी गप्प झालो होतो."

"कधी?" राजदीप रस्त्याकडे बघत म्हणाला. "माझ्या नाही लक्षात. नेटवर्क गेलं असेल. आमच्याकडे जातं अधूनमधून."

किती सोपं करून दिलं होतं त्याने! हो म्हणायचं, नेटवर्कच गेलं असेल, आणि दोघांनीही सुटायचं. अशी पुष्कळ माणसं सुटतात आणि जन्मभर एकमेकांशी नीट वागतात. उमेंद्रला हो म्हणायचा मोह झाला. त्याची भाजलेली जीभ टाळूला चिकटून बसली होती.

"नेटवर्क होतं," तो म्हणाला. "मीच गप्प होतो."

राजदीपने मान वळवून त्या दिवसात पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. फार जुना थकवा होता, आणि थोडी ओळख.

"माहीत हाय मले," तो म्हणाला.

तेवढ्यात बस वळून आत आली. कंडक्टर आमगाव, आमगाव ओरडायला लागला. उमेंद्रला चढावंच लागलं, कारण तिकडे जाणारी ती शेवटची गाडी होती.